विश्लेषण : समुद्रातल्या विषाचा खरा मालक कोण? पॉल शॉयर आणि सायनोबॅक्टेरियांतून निघालेली औषधे

हॉजकिन्स लिम्फोमा या कर्करोगावरील ‘ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन’ या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. या औषधात पेशी मारण्याचे काम करणारा रेणू प्रयोगशाळेत घडवला जातो, पण त्याची मूळ आखणी समुद्रातली. आधी ती हिंदी महासागरातल्या एका गोगलगायीची मानली गेली. पुढे कळले, की गोगलगाय केवळ खाणारी. बनवणारा वेगळाच होता, डोळ्यांना शेवाळासारखा दिसणारा एक जिवाणू. समुद्रातला एखादा रेणू सापडला, की तो नेमका कोण तयार करतो, हा प्रश्न आज प्रत्येक संशोधक आधी विचारतो. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ही सवय रसायनशास्त्राला लागली, त्यांत पॉल शॉयर यांचे नाव पहिल्या काही जणांत घ्यावे लागते.

शॉयर कोण होते?

पॉल शॉयर यांचा जन्म २५ मे १९१५ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३४ मध्ये त्यांचे शालेय शिक्षण संपले, तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन वर्ष उलटले होते. ज्यू मुलाला विद्यापीठाचे दरवाजे जवळपास बंद झाले होते. मग शॉयर कातडी कमावण्याच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. कच्चे चामडे सडू न देता टिकाऊ करायचे, म्हणजे झाडांच्या सालीतले टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार कातड्यातल्या प्रथिनांशी बांधायचे. हा धंदा मुळात रसायनशास्त्राचाच. हाताला वास आणि डाग देणारा असला, तरी नैसर्गिक पदार्थ कसे वागतात हे रोज समोर दाखवणारा.

१९३८ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. तिथे शिक्षणाची तुटलेली दोरी पुन्हा हाती घेऊन १९४३ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून ते पदवीधर झाले, तेव्हा वय २८. बरोबरीचे लोक या वयात डॉक्टरेट करून मोकळे झालेले असतात. पुढे हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, पण महायुद्धामुळे अमेरिकी सैन्याचा गणवेश चढवावा लागला आणि अभ्यास मध्येच थांबला. अखेर १९५० मध्ये पीएच.डी. हाती आली. मार्गदर्शक होते रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड, म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्रातले त्या काळचे सर्वांत दबदब्याचे नाव. वुडवर्ड यांना पुढे १९६५ मध्ये नोबेल मिळाले.

मग हवाई का?

वुडवर्ड यांच्या हाताखालून बाहेर पडलेला माणूस मोठ्या विद्यापीठात किंवा औषध कंपनीत जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. शॉयर १९५० मध्ये हवाई विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हवाई तेव्हा अमेरिकेचे राज्यही नव्हते. ते १९५९ मध्ये झाले. विद्यापीठ लहान, उपकरणे बेताची, मुख्य भूमी हजारो किलोमीटर दूर. रसायनशास्त्रात नाव करायचे असेल तर ही जागा गैरसोयीचीच होती.

पण बेटावर असे काही होते जे हार्वर्डमध्ये नव्हते. सुरुवातीला शॉयर यांनी जमिनीवरच्या वनस्पती घेतल्या. पॅसिफिक बेटांवर ज्याच्या मुळांचे गुंगी आणणारे पेय पितात तो कावा त्यांपैकी एक. नंतर त्यांची नजर पाण्याकडे वळली. सी अर्चिन या काटेरी प्राण्याच्या कवचातले लाल-जांभळे रंग कशाचे बनलेले असतात, इथून समुद्राचे काम सुरू झाले. आज हा विषय किरकोळ वाटेल. त्या वेळी मात्र समुद्री जीवांची रसायने हे जवळपास कोरे पान होते. भूमीवरच्या वनस्पतींवर शतकभराचे काम झालेले. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिननंतर मातीतले जिवाणू आणि बुरशी यांच्यामागे सगळ्या औषध कंपन्या लागलेल्या. समुद्राकडे वळणारे रसायनशास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

‘हानाचे मृत्यूचे शेवाळ’ म्हणजे काय?

माउई बेटावरच्या हाना भागात एक जुनी दंतकथा होती. तिथले कोळी समुद्रावर गेले, की त्यांतला एखादा परत येत नसे. गावकऱ्यांना एका एकलकोंड्या माणसाचा संशय आला. पकडून पाहतात तर त्याच्या पाठीवर शार्कचा जबडा. त्यांनी त्याला मारून जाळले आणि राख भरतीच्या पाण्याच्या एका डबक्यात टाकली. त्या डबक्यात जे उगवले ते इतके विषारी, की भाल्याच्या टोकाला चोळले तर जखम जीवघेणी ठरे. त्याचे नाव ‘लिमू माके ओ हाना’, म्हणजे हानाचे मृत्यूचे शेवाळ. ते डबके निषिद्ध होते, कोणी तिथे जायचे नाही असा दंडक होता.

३१ डिसेंबर १९६१ रोजी हवाई विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ते डबके शोधून नमुना गोळा केला. त्याच दुपारी विद्यापीठाच्या कोकोनट आयलंडवरील सागरी प्रयोगशाळेच्या मुख्य इमारतीला आग लागून ती भस्मसात झाली. योगायोगच, पण हवाईत ही गोष्ट आजही सांगितली जाते.

ते ‘शेवाळ’ मुळात शेवाळ नव्हतेच. प्रवाळाचा नातेवाईक असलेला, खडकाला चिकटून वसाहतीने राहणारा तो एक प्राणी निघाला. त्याचे विष वेगळे करण्याचे काम शॉयर आणि त्यांचे तरुण सहकारी रिचर्ड मूर यांनी केले आणि १९७१ मध्ये ‘पॅलिटॉक्सिन’ जगापुढे आले. १२९ कार्बन, ५४ ऑक्सिजन आणि ३ नायट्रोजन अणू असलेला हा रेणू; प्रथिने आणि तत्सम साखळ्या सोडल्या तर निसर्गातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या आणि सर्वांत जहाल विषांपैकी एक. त्याची पूर्ण रचना उलगडायला आणखी दहा वर्षे लागली. १९८१ मध्ये मूर यांच्या गटाने आणि जपानी संशोधकांनी ती स्वतंत्रपणे मांडली. हार्वर्डच्या योशितो किशी यांनी १९९४ मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत बनवून दाखवला. शॉयर यांच्या नावावर हीच गोष्ट सर्वाधिक सांगितली जाते. औषधांच्या दृष्टीने मात्र त्यांच्या प्रयोगशाळेतले कमी गाजलेले काम जास्त महत्त्वाचे ठरले.

जनावर विष बनवते, की उसने घेते?

पॅसिफिक बेटांवर मासे खाऊन होणारी सिग्वाटेरा ही विषबाधा पिढ्यान्‌पिढ्या लोकांना माहीत होती. उलट्या, जुलाब आणि त्यापुढे एक विचित्र लक्षण : गार पाणी हाताला चटका दिल्यासारखे लागते. एकाच जातीचा मासा एका खाडीतला खाल्ला तर काही होत नाही, शेजारच्या खाडीतला खाल्ला तर माणूस आडवा. शॉयर यांच्या गटाने १९६७ मध्ये हे विष वेगळे करून त्याला ‘सिग्वाटॉक्सिन’ नाव दिले. वाम माशाच्या जातीतल्या मोरे ईलच्या यकृतातून ते काढावे लागे आणि मिळे अगदी नगण्य. पुढे १९८९ मध्ये जपानच्या ताकेशी यासुमोतो यांच्या गटाने रचना सोडवली, तेव्हा सुमारे ४,००० किलो ईलमधून हाती आलेले शुद्ध विष एक मिलिग्रॅमही नव्हते.

हे विष मासा बनवत नाही, अन्नसाखळीतून त्याच्याकडे येते, हा तर्क जुना होता. मूळ उत्पादक नील-हरित शेवाळ असावे, असा अंदाज १९५८ मध्येच मांडला गेला होता. तो चुकला. १९७७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बिये बेटांवर खरा उत्पादक सापडला, तो डायनोफ्लॅजेलेट गटातला एकपेशीय जीव. अंदाजातले नाव चुकीचे, दिशा बरोबर.

दुसरे उदाहरण याहून देखणे. काळ्या-पिवळ्या उंचवट्यांची फायलिडिया नावाची एक कवच नसलेली समुद्री गोगलगाय आहे. हळू चालते, उघड्यावर राहते, तरी तिला कोणी खात नाही. तिच्यासोबत बंद पाण्यात ठेवलेले मासे आणि खेकड्यांच्या जातीचे प्राणी मरतात, असे निरीक्षण १९६३ मध्ये नोंदवले गेले होते. तिच्या अंगावरच्या चिकट स्रावात विष होते, पण गोगलगायी मिळायच्या मोजक्याच. मग ओआहू बेटावरच्या पुपुकेआ इथे ती एका स्पंजावर चरताना दिसली आणि तोच रेणू स्पंजातही सापडला. १९७५ मध्ये शॉयर यांच्या गटाने क्ष-किरण स्फटिकशास्त्रज्ञ जॉन क्लार्डी यांच्या साथीने त्याची रचना मांडली आणि रेणूला पुपुकेआचे नाव मिळाले. गोगलगायीने शस्त्र बनवले नव्हते, जेवणातून मिळवले होते.

पोहणाऱ्यांची खाज आणि सायनोबॅक्टेरिया

१९५८ च्या उन्हाळ्यात ओआहूच्या वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर पोहून आलेल्या शंभराहून अधिक लोकांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले. पोहण्याच्या कपड्यांखाली ते जास्त होते, कारण पाण्यातले तंतू तिथे अडकून घासले जात. वर्षभरात कारण सापडले : लिंग्बिया मॅजुस्क्युला. केसांच्या गुंत्यासारखे दिसणारे, काळपट तंतूंचे हे सायनोबॅक्टेरिया.

सायनोबॅक्टेरिया आपल्याला अनोळखी नाहीत. कोकणातल्या भातखाचरांत नत्रासाठी जे नील-हरित शेवाळ सोडतात ते हेच. आरोग्याच्या दुकानात गोळ्यांच्या रूपात मिळणारी स्पिरुलिनाही याच कुळातली. शेवाळ हे नाव दिसण्यावरून पडले. प्रत्यक्षात हे जिवाणू, सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवणारे आणि पृथ्वीच्या हवेत प्रथम ऑक्सिजन भरणारे. अब्जावधी वर्षे जुने. पळता येत नाही, कवच नाही, काटे नाहीत. उष्ण समुद्रात चरणाऱ्या माशांची गर्दी, त्यामुळे स्वतःला बेचव किंवा विषारी करणे हा बचावाचा मार्ग. त्यासाठी त्यांच्या पेशीत कारखान्यातल्या जोडणी-साखळीसारखी मोठमोठी विकरे असतात. एक विकर अमिनो आम्ल जोडते, पुढचे कार्बनची साखळी वाढवते, तिसरे त्यावर क्लोरीन किंवा ब्रोमीन बसवते. अमिनो आम्ले आणि कार्बन साखळ्या यांची अशी सरमिसळ करण्यात समुद्री सायनोबॅक्टेरियांचा हात धरणारे जीव थोडेच. असे रेणू पेशीच्या नाजूक यंत्रणांत नेमके अडकतात आणि म्हणूनच औषध शोधणाऱ्यांना हवे असतात.

या गोष्टीत शॉयर यांचा वाटा सी हेअर, म्हणजे समुद्री ससा म्हणवल्या जाणाऱ्या गोगलगायीच्या वाटेने येतो. स्टायलोचिलस नावाच्या छोट्या समुद्री सशाच्या पचनग्रंथीतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७४ मध्ये दोन विषे वेगळी केली : अॅप्लिसियाटॉक्सिन आणि त्याचेच ब्रोमीन नसलेले भावंड. रेणू मिळाला, रचना मिळाली. पण हा ससा आयुष्यभर लिंग्बियाच चरत असतो. तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, मूर यांच्या गटाला ब्रोमीन नसलेले तेच विष थेट लिंग्बियात सापडले. त्याने उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर परिणामही दाखवला. १९७९ मध्ये त्याच विद्यापीठातून लिंग्बियाटॉक्सिन आले आणि पोहणाऱ्यांच्या खाजेचे आणखी एक रासायनिक कारण उलगडले.

यांतल्या कोणत्याही रेणूचे औषध झाले नाही. उलट ही विषे पेशीतला एक महत्त्वाचा स्विच कायम चालू ठेवून गाठी वाढायलाच मदत करतात, असे पुढे दिसून आले. कर्करोगाच्या संशोधकांना ती उपयोगी पडली, पण गाठ कशी वाढते हे समजण्यासाठी. सायनोबॅक्टेरियांच्या शोधाची खरी धुरा इथून मूर यांनी वाहिली आणि त्या श्रेयात शॉयर यांना ओढून आणण्याचे कारण नाही. शॉयर यांनी त्यांना हवाईत आणले, पॅलिटॉक्सिनवर घडवले आणि जनावराच्या पोटातून मागे, खाद्याकडे पाहण्याची नजर दिली. पुढची वाट मूर यांची.

मग औषध कसे झाले?

अॅरिझोनातले जॉर्ज पेटिट दुसऱ्या एका समुद्री सशाच्या, डोलाबेलाच्या, मागे होते. त्यांनी १९८७ मध्ये डोलास्टॅटिन १० जाहीर केला. शेकडो किलो प्राण्यांतून काही मिलिग्रॅम, इतके त्याचे प्रमाण. त्या हिशेबाने एका रुग्णालयाला पुरेल एवढे औषध काढायचे तर किनाऱ्यावर समुद्री ससा उरला नसता. पेशी विभागताना तिच्या आत सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभा राहतो. डोलास्टॅटिन तो उभाच राहू देत नाही. रचना कळल्यावर रेणू प्रयोगशाळेत बनवता आला आणि रुग्णांवर चाचण्याही झाल्या. तिथे तो अपयशी ठरला. गाठीला पुरेल एवढी मात्रा दिली, की निरोगी पेशीही मरत.

दरम्यान २००१ मध्ये हेन्ड्रिक ल्यूश, मूर, व्हॅलेरी पॉल आणि सहकाऱ्यांनी सिम्प्लोका या समुद्री सायनोबॅक्टेरियातून थेट डोलास्टॅटिन १० वेगळा केला. समुद्री ससा पुन्हा एकदा ग्राहकच निघाला.

रेणूचे पुनर्वसन वेगळ्या युक्तीने झाले. त्याच्याशी साधर्म्य असलेला कृत्रिम रेणू प्रतिपिंडाला बांधण्यात आला. प्रतिपिंड हॉजकिन्स लिम्फोमाच्या पेशींवरची खूण ओळखते, आत शिरते आणि मगच विष मोकळे होते. सुटे दिले तर असह्य ठरणारे विष असे पत्ता लिहून पाठवले, की चालते. हेच ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. ‘व्हेडोटिन’ हे शेपूट लागलेली आणखी औषधे त्यानंतर लिम्फोमा आणि मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाली आहेत.

शॉयर यांची अखेरची वर्षे

१९७३ मध्ये शॉयर यांनी समुद्री नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले. विखुरलेल्या शोधनिबंधांचा हा विषय त्यामुळे पहिल्यांदा एका जागी वाचायला मिळाला. पालाउच्या समुद्रातल्या स्पंजातून त्यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये काढलेल्या एका रेणूला मानोआलाइड नाव मिळाले, विद्यापीठ ज्या मानोआ खोऱ्यात आहे त्यावरून. सूज आणणाऱ्या एका विकराला तो रोखतो, हे कळल्यावर औषधशास्त्रज्ञांनी तो साधन म्हणून उचलला.

१९८३ मध्ये ते निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री. प्रयोगशाळा चालूच राहिली. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी मार्क हमान यांनी एलिसिया नावाच्या हिरव्या गोगलगायीतून काहालालाइड एफ काढला. गोगलगाय ब्रायोप्सिस हे हिरवे शेवाळ खाते आणि शेवाळातही हा रेणू होता, तेव्हा उत्पादक शेवाळ असा निष्कर्ष स्वाभाविक होता. एका स्पॅनिश कंपनीने तो कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत नेला. परिणाम पुरेसा न दिसल्याने तो तिथेच थांबला.

१२ जानेवारी २००३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी शॉयर यांचे निधन झाले. समुद्री रसायनशास्त्रातला एक पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. मूर २००७ मध्ये गेले. उष्ण समुद्रातल्या लिंग्बियाचे जनुकीय वर्गीकरण नव्याने झाले, तेव्हा त्या सायनोबॅक्टेरियाच्या प्रजातीला २०१२ मध्ये मूर यांच्यावरून ‘मूरिया’ नाव देण्यात आले. ते नाव आधीच वापरात असल्याचे आढळल्याने आता तिला ‘मूरेना’ म्हणतात.

काहालालाइडचा हिशेबही नंतर बदलला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो रेणू ना गोगलगाय बनवते, ना ब्रायोप्सिस. शेवाळाच्या पेशींच्या आत राहणारा, स्वतंत्रपणे जगण्याची क्षमता बहुतांशी गमावलेला एक जिवाणू तो बनवतो आणि आपल्या जनुकसंचाचा मोठा हिस्सा या एकाच कामावर खर्च करतो.